धुळे ते सुरत, गळक्या गाडीने

सुरतेला जायचं ठरवलं तेव्हा मला कुणी बोलावलं नव्हतं. मुलगा निलेश पांडेसऱ्यातल्या एका डाइंग मिलमध्ये सुपरवायझर आहे आणि दिंडोलीत फ्लॅटवर एकटाच राहतो. सून नाशिकला नोकरीला, महिन्यातून एकदा येते. इकडे धुळ्यात मी एकटा. बायको गेल्यापासून घरात माझ्याशी कुकर तेवढा बोलतो, तोही तीन शिट्ट्यांपुरता. आमच्या घराण्यात 'ये' किंवा 'राहा' असं तोंडाने म्हणायची पद्धत नाही. काहीतरी काम काढायचं आणि जायचं. सुरतेपर्यंत गाडी पळवून बघायचं निमित्त काढून मी फोनवर म्हणालो, "जुनी गाडी लांब पळाडीसन देखनी शे." तो म्हणाला, "देखा मंग." बोलावणं झालं असं मी धरून चाललो.

उजाडताच निघालो. सोबत कळण्याची भाकरी आणि ठेचा. साक्री, दहिवेलपर्यंत गाडी गुणी बाळासारखी चालली. कोंडाईबारीच्या घाटात ट्रकांच्या रांगेमागे गोगलगाय झाली आणि तापमानाचा काटा वर सरकू लागला. पाठोपाठ गोडसर वास. हा वास ओळखायला मला डॉक्टर लागत नाही. निवृत्त होईपर्यंत आयटीआयमध्ये पोरांना मोटर मेकॅनिकच शिकवलं. इंजिन थंड ठेवणारं कुलंट गळत होतं.

विसरवाडीला टपरीशेजारी गाडी लावली. चहावाला बादली घेऊनच धावला, "बाबा, झाकण उघडा ना, वतू पाणी!" त्याला हात जोडले. या रस्त्याने जुनी गाडी घेऊन जाणार असाल तर एवढं ध्यानात ठेवा: गरम इंजिनाच्या रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही. आतलं उकळतं पाणी थेट तोंडावर येतं. बॉनेट उघडून मी दोन चहा प्यायलो, भाकरी खाल्ली, गाडी निवल्यावर हळूहळू पाणी भरलं. मग काचा खाली आणि हीटर चालू, म्हणजे इंजिनाची थोडी उष्णता आत येते. उन्हाळ्याच्या तोंडावर हीटर लावून नवापूर, सोनगढ पार करणारा माणूस बाजूच्या गाड्यांना वेडा वाटला असणार. बारडोलीला पातरा, म्हणजे आपली अळूवडी, खाल्ला, निलेशसाठी बांधूनही घेतला. कडोदऱ्याला कापडाच्या गाठींनी भरलेल्या टेम्पोंमध्ये पुन्हा अडकलो, काट्याकडे बघत देवाचं नाव घेतलं आणि दुपारी दिंडोली गाठली.

निलेश संध्याकाळी आला. पातरा खाताना मी मिलचं विचारलं तेवढं त्याने सांगितलं, मी गाडीचं सांगितलं. मग दोघंही आपापल्या मोबाईलमध्ये. एवढ्यासाठी आलो का, असं झालं मला.

झोपण्याआधी तळमजल्याच्या पार्किंगमध्ये गाडीखाली पुठ्ठा अंथरला. सकाळी त्यावर हिरवट डाग होता. डाग पडतो तिथेच गळती असते असं नाही. कुलंट वरून ओघळत येतं, म्हणून डागापासून वर चढत जायचं. आधी तेलाची पट्टी काढून पाहिली. तेल दुधट नव्हतं, सायलेन्सरला पांढरा धूर नव्हता, म्हणजे हेड गॅस्केट शाबूत. जिवावरचं टळलं होतं. मग इंजिनाच्या मागच्या बाजूला बोटभर लांबीचा एक वाकडा रबरी पाईप दिसला. क्लॅम्पच्या खाली चीर आणि भोवती वाळलेल्या कुलंटचा खार. नाश्त्याच्या आत निदान झालं. पाईप बदलायला अर्धा तास.

संध्याकाळी निलेश मिलमधून आला तो थेट पार्किंगमध्ये. "नाना, सापडनं का?"

का कोण जाणे, मी म्हणालो, "नही ना आजून. टॉर्च धर जरा आठे."

त्याने टॉर्च धरला. अंधाऱ्या पार्किंगमध्ये आम्ही एकाच बॉनेटमध्ये डोकं घालून उभे राहिलो आणि पोरगं बोलायला लागलं. रंगाच्या वाफेने डोळे कसे चुरचुरतात, सून बदली मागते आहे पण मिळत नाही, रविवारी संध्याकाळी फ्लॅट खायला उठतो. समोरासमोर बसून हे त्याने कधी सांगितलं नसतं. मी नको त्या नटांना पाना लावत राहिलो.

दुसऱ्या संध्याकाळी मात्र पाईप 'सापडला'. शरम वाटायला लागली होती. काढून त्याच्या हातात दिला, "हाऊच नमुना दखाडजो दुकानमा." दुसऱ्या दिवशी मिलमधून येताना त्याने आणलेला पाईप जाड निघाला. त्याच्या पुढच्या दिवशीचा सरळ निघाला, आपल्याला हवा वाकडा. मनात म्हटलं, कापड रंगवणाऱ्याला रबर काय कळणार! वर वर वैतागलो, आतून खूश होतो. रोज संध्याकाळी त्याच्या हातात टॉर्च होताच.

दिवस मात्र जाता जात नसे. सकाळी कोपऱ्यावर लोचो खायचा, तेल-शेव-चटणी टाकून गरमागरम. सुरतेला गेलात तर हा चुकवू नका. मग बसने चौक बाजारला, किल्ल्याजवळ तापीकाठी. आमची पांझरा तापीला मिळते आणि तापी इथे येते, कुणी 'ये' म्हणायची वाट न बघता. मला तेवढं जमलं नव्हतं. त्या गर्दीत माझी भाषा बोलणारे बरेच होते, पण माझ्याशी बोलणारं कुणी नव्हतं. संध्याकाळची वाट बघत बसायचो.

शेवटी बरोबर पाईप आला. बसवला, कुलंट भरलं, गाडी थंड असतानाच झाकण उघडून इंजिन चालू केलं आणि बुडबुडे थांबेपर्यंत आतली हवा काढली. रात्रभर ठेवलेला पुठ्ठा सकाळी कोरडा होता. आता राहायला निमित्त उरलं नाही. निलेश ड्युटीवर निघताना म्हणाला, "हळू जा, नाना." मी म्हणालो, "हं." झाला निरोप.

निघताना, निलेशने पाईप आणले होते त्या उधन्याच्या स्पेअर पार्टच्या दुकानात थांबलो. जादाचा एक क्लॅम्प सोबत असावा म्हणून. गाडी आणि पाईप सांगताच दुकानदार हसला.

"काका, वो आपका लडका? वो तो पहले दिन ही तीनों पाईप एकसाथ ले गया. मैंने बोला, भाई, सँपल देखके बोलता हूँ, ये टेढावाला ही लगेगा. तो बोला, मालूम है, तीनों दे दो."

मी क्लॅम्प घेऊन गाडीत बसलो. बराच वेळ चावी फिरवली नाही. डोळे पुसले, मग निघालो.

परतीला काटा जागचा हलला नाही. घाटही विनातक्रार. ज्यांना खर्चाचं कुतूहल आहे त्यांना सांगतो, पाईप चहा-नाश्त्याच्या पैशात येतो. जुनी गाडी असेल तर सगळे रबरी पाईप एकदमच बदलून घ्या. मी बदललेले नाहीत.

घरी आल्यापासून रोज सकाळी गाडीखालचा पुठ्ठा बघतो. रोज कोरडा. इतकं चोख काम केल्याचं वाईट वाटावं अशी वेळ माझ्यावर पहिल्यांदाच आली. काल निलेशचा फोन आला. मिलचं झालं, हवापाण्याचं झालं. तो फोन ठेवेल असं वाटलं, तेवढ्यात म्हणाला, "नाना, गाडी गळस का आजून?"

मी दारातून पुठ्ठ्याकडे पाहिलं.

"थोडी थोडी गळस," मी म्हणालो.

"मंग गाडी लई या आठे," तो म्हणाला. "टॉर्च चार्ज करी ठेवसू."