व्हय म्हाराजा!

हेलिकॉप्टरच्या आवाजात माइकशिवाय कुणालाच कुणाशी धड बोलता येत नाही. सगळ्या गप्पा खाली उतरल्यावर, चहाबरोबर! मग किस्से साठणारच.

माझं काम तारेवर लोंबकळत उतरायचं आणि अडकलेल्या माणसाला वर आणायचं. आमच्या पार्से गावी आईला मात्र सांगून ठेवलेलं, "मी आत बसून रेडिओ सांभाळतो." दर फोनवर तिचं एकच, "दार लावन बस रे पुता, वारो लागतलो!" खरं कळलं असतं तर तिने नोकरीच सोडायला लावली असती.

*

मये गावात पुरात अडकलेल्या एका आजोबांना उचललं. दारापाशी पोचलो, तर हे चपला काढायला लागले. दोन्ही पाय हवेत!

"आजोबा, ऱ्हवांदी!"

"सायबाची गाडी मरे, चिखल लागतलो!"

खूप गोड माणूस.

*

पहिल्यांदा समुद्रावर उतरताना मी घाबरून गाऱ्हाणं पुटपुटलो. हेल्मेटमधला माइक चालूच! पंजाबहून आलेले आमचे पायलट गिलसाहेब म्हणाले, "ये क्या था?"

मी सांगितलं, आमच्याकडे एकाने देवाला गाऱ्हाणं घालायचं आणि बाकीच्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं. कुणी म्हटलंच नाही तर ते अर्धं राहतं.

"अरे, तो पहले बताना था!"

तेव्हापासून साहेबांनी एकदाही चुकवलं नाही.

*

गेल्या पावसात पार्स्यातच पाणी भरलं. आमच्याच घराच्या छपरावर आई आणि शेजारची शेवंतीकाकी! मी उतरलो. हेल्मेटमुळे आईने ओळखलं नाही. पट्टा बांधताना माझ्या कानाशी ओरडली, "तू असो लोंबकळतंस, ता तुझ्या आवशीक म्हायत आसा रे?"

मी काच वर केली.

तिला वर आणलं. आत बसवून तिच्या कानांवर माइकवाला हेडफोन चढवला. काकी अजून खालीच होती. मी दाराकडे वळलो, तर आईने माझा पट्टा घट्ट धरला. मला वाटलं, आता संपलं. ही सोडणार नाही.

तिने डोळे मिटले.

"बा देवा म्हाराजा! माझो झील परत खाली जाता. ताका धरून ऱ्हव रे म्हाराजा!"

पुढून गिलसाहेबांचा आवाज आला, "व्हय म्हाराजा!"

आईने पट्टा सोडला.