गुंटूरचा एक बोरा

गुंटूरपर्यंत आमच्या गाडीत कोणीही रडले नव्हते.

गाडी धनराजची. तो माझा शाळेपासूनचा मित्र. लकडगंजात त्याचा मिरचीचा ठोक व्यापार आहे. तो, त्याची पत्नी विमलवहिनी, माझी पत्नी सुषमा आणि मी, असे चौघे नागपूरहून चेन्नईला निघालो होतो. माझी मुलगी सायली तिथे नोकरी करते आणि तिला तिथल्याच कार्तिकशी लग्न करायचे होते. कार्तिकच्या आईचे मात्र मन होत नव्हते, आणि त्याचे कारण मी होतो! व्हिडिओ कॉलवर मी त्यांच्याशी अत्यंत मुद्देसूद बोललो होतो. (माझी हयात वर्तमानपत्रात, बातम्यांतली विशेषणे काढून टाकण्यात गेली.) कॉल संपल्यावर त्या सायलीला म्हणाल्या, "तुझ्या वडिलांना हे लग्न मान्य नाही. असा चेहरा मी फक्त कोर्टात पाहिला आहे."

"बाबा, भेटाल तेव्हा थोडी तरी माया दाखवा हो," सायलीने फोनवर विनवले. "त्या हो म्हणाल्या तरच पुढचं."

थोडक्यात, पोरीचे लग्न माझ्या चेहऱ्यावर अडले होते.

"विमानानं काहून जातं गा?" धनराज म्हणाला. "कारनं जाऊ. रस्त्यानं तुले हसाले शिकवतो."

शिकवायला त्याच्याइतका लायक माणूस नाही. तेलंगणातल्या एका ढाब्यावर तो वऱ्हाडीत बोलत होता आणि मालक तेलुगूत. निघताना धनराजच्या हातात मालकाच्या घरचे लोणचे होते, आणि मालकाच्या नातवाच्या बारशाचे आमंत्रणही! मी त्याच मालकाला हिंदीत, इंग्रजीत आणि खुणांनी पाणी मागितले होते. ते आले नाही.

आंध्रात शिरल्यावर त्याने गाडी गुंटूरच्या मिरची बाजाराकडे वळवली. "फक्त नमुना पाहतो!" व्यापारी नमुना मुठीत घेतात. धनराज बोरा घेऊन आला. (अख्खे पोते, शिगोशीग भरलेले.)

"अरे, हा नमुना?"

"रंग पाय ना गा त्याचा! असा माल सोडून जाऊ का?"

बोरा मागच्या सीटमागे बसला. एसी सुरू होताच विमलवहिनी शिंकल्या. मग धनराज. मग मी. काचा उघडल्या, तर मिरचीची धूळ गाडीभर नाचू लागली आणि आम्हा तिघांचे डोळे वाहू लागले! सुषमाने मात्र पर्समधून ओढणी काढली, नागपूरच्या उन्हात स्कूटीवर बसताना गुंडाळते तशी डोके, नाक, तोंड, मान अशी घट्ट गुंडाळली, वर गॉगल चढवला आणि झोपली. त्या बंदोबस्ताला माझा आजही सलाम आहे.

नेल्लोरच्या पुढे गाडी खड्ड्यात आदळली आणि बोऱ्याची शिवण उसवली. ती बांधायला मी उतरलो.

"डोळ्याले हात लावू नोको!" धनराज ओरडला.

"मला माहीत आहे," मी म्हणालो. (मला खरोखरच माहीत होते.)

मी बोरा बांधला, हात रुमालाला पुसले आणि रुमाल नीट घडी घालून खिशात ठेवला.

कार्तिकच्या दारात उभा राहिलो तेव्हा चेन्नईच्या दमट हवेने मी घामाघूम झालो होतो. बेल वाजवली, माया दाखवण्याची मनोमन तयारी केली, आणि त्याच रुमालाने तोंड पुसले.

दार उघडले. समोर कार्तिकची आई, मागे कार्तिक आणि सायली. मी रडत होतो. डोळे पाणावले वगैरे नव्हे, धारा लागल्या होत्या!

"बाबा?" सायली पुटपुटली. तिने मला कधीच रडताना पाहिले नव्हते. तिलाही रडू फुटले. तिचे खरे होते. माझ्यामागे विमलवहिनी लाल डोळ्यांनी नाक ओढत होत्या आणि धनराजच्या दाबलेल्या शिंका थेट हुंदक्यांसारख्या ऐकू येत होत्या. कार्तिकच्या आईने पदर डोळ्यांना लावला.

वस्तुस्थिती स्पष्ट करावी म्हणून मी तोंड उघडले. धनराजने माझ्या पायावर पाय दिला.

"चूप बस गा! जिंदगीत पहिल्यांदा माणसासारखा दिसून राहिला तू!"

मग हात जोडून तो त्यांना म्हणाला, "बाप है अम्मा. गुंटूर से ऐसाच रो रहा है बेचारा!"

वाक्य शब्दशः खरे होते. एवढी नेमकी बातमी मला उभ्या आयुष्यात लिहिता आली नाही!

कार्तिकने ते तमिळमध्ये सांगितले. त्याच्या आईने सायलीला पोटाशी धरले, आणि होकार तिथेच, उंबरठ्यावर मिळाला. सगळे डोळे पुसत असताना सुषमा गाडीतून आली, ओढणी सोडली, गॉगल काढला आणि कोरड्या ठणठणीत डोळ्यांनी विचारले, "सायली, बाथरूम कुठं आहे वं?"

लग्न थाटात झाले. विहीणबाई अजूनही नातेवाइकांना सांगतात, की सायलीचे वडील म्हणजे मेण, आई मात्र जरा दगड. मालिकेतल्या परक्या सुनांसाठी डोळे सुजवणारी सुषमा दगड! दर सणाला त्यांचा फोन येऊन गेला की ती मला बजावते, "आता तरी खरं सांगा त्यांना!"

दुसऱ्यांच्या चुकांचे खुलासे मी आयुष्यभर दुसऱ्याच दिवशी छापले. हा मात्र जागेअभावी मागे पडला आहे.