नानांची शाल आणि सोनगीरचा कातळ

माझ्यावर सर्वात जास्त उपकार कुणाचे असतील तर ते वत्सलाअक्काचे. अक्का माझी मोठी बहीण. रावेरला केळीच्या बागांमध्ये मजुरी करून तिने मला बी.पी.एड.पर्यंत शिकवलं. आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. त्यामुळे आमच्या संस्थेचे अध्यक्ष सोनगीरच्या कातळावर, जमिनीपासून पंचवीस फूट उंच, अंगावर शाल आणि गळ्यात हार अशा अवस्थेत दोराला लटकले, तेव्हा माझ्या मनात पहिला विचार आला तो अक्काचा. दुसरा अध्यक्षांचा आला. क्रम चुकला हे मला मान्य आहे.

तेव्हा ऐंशीचं दशक संपत आलं होतं. मी धुळे जिल्ह्यातल्या एका कॉलेजात स्पोर्ट्स टीचर होतो, प्रोबेशनवर. प्रोबेशन म्हणजे दोन वर्षं तुमचं काम बघायचं, पसंत पडलं तर परमनंट करायचं, नाही तर रामराम. माझी दोन वर्षं त्याच महिन्यात संपत होती. परमनंटच्या कागदावर सही अध्यक्षांची लागते. अध्यक्ष नानासाहेब, ज्यांना सगळे नाना म्हणत, त्या वेळी माझ्याच दोरावर होते.

हे सगळं विद्यापीठाच्या एका फॉर्ममुळे झालं. त्या फॉर्मवर ‘साहसी क्रीडा विभाग आहे काय?’ असा एक रकाना होता. आमच्या प्राचार्यांनी तिथे ‘होय’ लिहिलं. ‘नाही’ लिहिणं त्यांना बरं वाटलं नाही. पुढे विभाग पाहायला समिती येणार असं कळलं. प्राचार्यांनी मला बोलावलं.

“तुम्हाला पोहता येतं ना?”

“येतं सर.”

“मग झालं. कातळ चढणं त्यातलंच. दहा दिवसांचा कोर्स आहे, उद्या निघा.”

कोर्स मात्र खरा होता. आमचे इन्स्ट्रक्टर पहिले तीन दिवस आम्हाला कातळाला हात लावू देत नव्हते. फक्त गाठी. डोळे मिटून गाठी, पाठीमागे हात बांधल्यासारखे धरून गाठी. चौथ्या दिवशी त्यांनी रॅपलिंग शिकवलं. रॅपलिंग म्हणजे दोराच्या आधाराने कातळावरून पाय टेकत टेकत खाली उतरणं. कमरेला आणि मांड्यांना पट्ट्यांचा हार्नेस असतो. त्याला पुढे एक धातूची कडी, आठाच्या आकड्यासारखी. तिला डिसेंडर म्हणतात. दोर त्या आठातून फिरतो, घासतो, आणि त्या घासण्यामुळे माणूस एकदम खाली न येता सावकाश उतरतो. शिवाय दुसरा एक दोर असतो, तो वरचा माणूस सांभाळतो. उतरणाऱ्याचा हात सुटला तरी हा दोर त्याला धरतो. या सांभाळण्याला बिले म्हणतात.

“डिसेंडरजवळ सैल काही नको,” इन्स्ट्रक्टर रोज सांगायचे. “केस नको, ओढणी नको, रुमाल नको. दोराबरोबर ते आत ओढलं जातं. मग माणूस ना वर ना खाली.”

मी वहीत लिहून घेतलं. परत आल्यावर त्या वहीवरून अकरा मुद्द्यांची यादी केली, स्टेन्सिलवर तिच्या प्रती काढून घेतल्या. सोनगीरच्या किल्ल्याच्या डोंगराला एका अंगाला चाळीस फुटांचा सरळ कातळ आहे. तिथे कॉलेजातला रवींद्र आणि आणखी पाच पैलवान पोरांना महिनाभर तयार केलं. पोरं चांगली होती. बिले तर त्यांना इतकं आवडलं की होस्टेलच्या जिन्यावरून एकमेकांना बिले देऊन उतरायची.

इथपर्यंत ठीक होतं. मग उद्घाटन ठरलं.

“फीत कापायला नानांना बोलवू,” प्राचार्य म्हणाले.

नाना म्हणाले, “फीत कोणीही कापतं. मी दोरानं उतरणार.”

यामागे कारण होतं. शेजारच्या तालुक्यातल्या एका संस्थेच्या अध्यक्षांनी पोहण्याच्या तलावाचं उद्घाटन स्वतः पाण्यात उडी मारून केलं होतं. त्यांचा फोटो सगळीकडे झाला होता. नाना तेव्हापासून अस्वस्थ होते.

“नाना, आपलं वजन किती?” मी विचारलं.

“सत्त्याण्णव. तालमीत होतो तेव्हा एकशे दहा होतं. दोर तुटेल का?”

“दोराला काही होणार नाही.”

“मग कोणाला होईल?”

“कोणालाच नाही नाना. फक्त धोतर चालणार नाही. पँट लागेल.”

प्राचार्यांनी मला दाराबाहेर नेलं. “अहो, नानांना आजपर्यंत पँटमध्ये कोणी पाहिलेलं नाही. त्यांच्या घरच्यांनीसुद्धा नाही.”

शेवटी नानांनीच तोड काढली. त्यांनी धोतराचा पैलवानासारखा काच्या मारला, तो इतका घट्ट की मी चारी बाजूंनी ओढून पाहिला तरी एक सूत सैल निघेना. वर हार्नेस चढवला. टोपीवर हेल्मेट. आमच्या जिमखान्याच्या भिंतीवरून मी त्यांना दोनदा उतरवलं. दोन्ही वेळा ते व्यवस्थित उतरले. तालमीतला माणूस, तोल उत्तम होता. मी यादीतल्या अकराच्या अकरा मुद्द्यांवर खूण केली.

उद्घाटनाच्या दिवशी खाली मांडव, खुर्च्या, लाउडस्पीकर. सूत्रसंचालन मराठीच्या पाटील सरांकडे. वर कड्याजवळ मी, माझी पोरं, प्राचार्य आणि शिपाई. नानांना मी सगळं बांधलं, दोर डिसेंडरमधून घेतला, बिलेचा दोर माझ्या हातात आला. म्हटलं, “नाना, आता मागे झुका.”

तेवढ्यात प्राचार्य म्हणाले, “थांबा, थांबा. सत्कार राहिला.”

शिपाई ताट घेऊन पुढे आला. आमच्याकडे पाहुण्याने कोणतंही काम करण्याआधी त्याचा सत्कार होतो. सत्कार झाल्याशिवाय पाहुण्याला पाणीसुद्धा प्यायला देववत नाही. प्राचार्यांनी नानांच्या खांद्यावर शाल पांघरली, गळ्यात झेंडूचा हार घातला. नारळ द्यायला गेले तर नानांचे दोन्ही हात दोरावर. त्यांनी मान हलवून नारळाचा स्वीकार केला.

शाल काढा, एवढंच मला म्हणायचं होतं. दोन शब्द. पण सत्काराची शाल पाहुण्याच्या अंगावरून लगेच ओढून काढायची म्हणजे काय, हे खानदेशात कोणालाही विचारा. मी प्राचार्यांकडे पाहिलं. त्यांनी डोळे वटारले. मला परमनंटचा कागद दिसला. मी शालीची टोकं नानांच्या बगलेत खोचली आणि गप्प राहिलो.

पहिले दहा फूट नाना छान उतरले. पंधरा फुटांवर शालीचं एक टोक सुटलं, दोराबरोबर डिसेंडरमध्ये गेलं, आणि नाना थांबले.

लाउडस्पीकरवरून पाटील सर म्हणाले, “नाना आता कातळाच्या मध्यावर क्षणभर विसावले आहेत.”

नानांनी जोर लावला. शाल आणखी आत गेली. गोंडेसुद्धा दिसेनासे झाले.

“नाना निसर्गाचा आस्वाद घेत आहेत,” पाटील सर म्हणाले.

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. माणूस दोन दोरांवर होता, तो पडणार नव्हता. पण हार्नेसमध्ये नुसतं लटकत राहणं वाईट. मांड्यांच्या पट्ट्या आवळतात, पायांतलं रक्त फिरत नाही, माणसाला भोवळ येते, आणि वेळ गेला तर जिवावर बेतू शकतं. माझ्याकडे फार तर पाव तास होता. हे तिथे फक्त मला माहीत होतं. खाली लोक टाळ्या वाजवत होते.

नानांनाही ते कौतुकच वाटलं असावं. ते ओरडले, “पाटील, माइक वर द्या. भाषण इथूनच करतो.”

माइकची वायर पुरली. कोणीतरी मांडवाच्या बांबूला माइक बांधून वर धरला. तो नानांच्या पायांपर्यंतच पोहोचला, पण नानांचा आवाज तालमीतला होता.

“विद्यार्थी मित्रहो,” नाना म्हणाले, “माणसानं नेहमी पाय जमिनीवर ठेवावेत.” हे त्यांचं नेहमीचं पहिलं वाक्य होतं. अर्धे लोक हसले, अर्ध्यांनी टाळ्या दिल्या.

मी तोपर्यंत बिलेचा दोर कड्यावर ठोकलेल्या खुंट्यांना पक्का बांधून घेतला. हातातला माणूस बांधल्याशिवाय जागा सोडायची नाही, हा नियम. आमचा उतरायचा दोर चाळीस मीटरचा होता, कातळ चाळीस फुटांचा, म्हणून बराच दोर वर उरला होता. त्या उरलेल्या दोरावर मी माझा डिसेंडर लावला. चाकू माझ्याकडे नव्हता. सत्काराच्या ताटात मात्र शिपायानं सवयीनं फीत आणि कात्री आणून ठेवली होती. कात्री घेतली आणि उतरलो.

नानांचा चेहरा घामानं भिजला होता. माझ्याशी नेहमी शुद्ध मराठीत बोलणारा माणूस घरच्या अहिराणीवर आला होता.

“मास्तर, हाई काय शे?”

“शाल अडकली नाना.”

“मग ओढ ना.”

“त्याच्यावर तुमचं वजन आहे. आधी वजन काढायला लागेल.”

“आते उपास करू का?” नाना म्हणाले. मग हळूच, माइकला ऐकू जाणार नाही असं, “मना पाय बधिर व्हई ग्यात.”

“पाय कातळावर आपटत राहा. थांबू नका.”

मी वर ओरडलो. रवींद्र आणि पोरांनी बिलेचा दोर धरला. “बठ्ठा संगे,” सगळे एकदम, असा रवींद्रचा आवाज आला, आणि सहा पैलवानांनी सत्त्याण्णव किलोचे अध्यक्ष एक वीत वर उचलले. लगेच दोर पुन्हा खुंट्यांना बांधला. आता नानांचं सगळं वजन बिलेवर आलं, डिसेंडरवरचा दोर सैल पडला. ताणलेल्या दोराजवळ धार नेली तर नुसत्या स्पर्शानं दोर तुटू शकतो, म्हणून हा सगळा खटाटोप.

मी कात्री काढली.

“कात्री कशाले?”

“शाल कापतो.”

“नको. सत्कारनी शे.”

“नाना, एकतर शाल नाहीतर तुम्ही.”

नानांनी खरोखर विचार केला. “थोडीच काप,” ते म्हणाले.

मी कात्री चालवली. खालून लोकांना अध्यक्ष, कात्री आणि कापलं जाणारं कापड एवढंच दिसलं. सवयीनं टाळ्यांचा कडकडाट झाला. पाटील सर म्हणाले, “साहसी क्रीडा विभागाचं उद्घाटन झालं असं मी जाहीर करतो.”

पोरांनी नानांना बिलेवरून सावकाश खाली सोडलं. मी बरोबर उतरलो, एक हात त्यांच्या हार्नेसवर ठेवून. खुर्चीत बसवून पाय चोळले. थोड्या वेळानं पायांना मुंग्या आल्या आणि नानांनी पहिली शिवी दिली. मला फार बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी अहवाल द्यायचा होता. प्राचार्य म्हणाले, “जोराचा वारा सुटला असं लिहा.”

“सर, वारा नव्हता.”

“डोंगरावर वारा असतोच. शाल मी घातली असं लिहिणार आहात का?”

“नाही सर. ती मी काढायला सांगितली नाही, असं लिहिणार आहे.”

तसंच लिहिलं. नानांनी अहवाल वाचला आणि मला घरी बोलावलं.

“नियम माहीत होता?”

“होता.”

“मग बोलला का नाहीस?”

“तुम्ही अध्यक्ष. माझा परमनंटचा कागद तुमच्याकडे.”

नानांनी अहवालाची घडी करून खिशात ठेवली. मग म्हणाले, “प्रोबेशन एक वर्ष वाढवतो. आणि रविवारी सकाळी सोनगीरला ये. मला खालपर्यंत उतरायचं राहिलंय.”

मी गोंधळलो. माझा चेहरा पाहून ते म्हणाले, “चुकलास म्हणून वर्ष वाढवलं. सोडवलंस म्हणून परत येतो. दोन्ही हिशोब वेगळे.”

रविवारी नाना नातवाची ट्रॅक पँट घालून आले. ती पोटरीपर्यंतच पोहोचत होती. मी, रवींद्र आणि प्राचार्य, एवढेच. प्राचार्यांच्या हातात हार होता.

“सर, हार खाली ठेवा,” मी म्हणालो.

प्राचार्यांनी नानांकडे पाहिलं.

“माझ्याकडे काय पाहता,” नाना म्हणाले. “मास्तर सांगताहेत ते करा.”

हार खडकावर ठेवला गेला. नाना चार मिनिटांत जमिनीवर पोहोचले आणि खालून विचारलं, “बस, एवढंच?”

त्या दिवसापासून माझ्या यादीत बारावा मुद्दा आहे: सत्कार उतरल्यावर, जमिनीवर. पुढे पंचवीस वर्षं मी पोरांना कातळ शिकवला. गाठ बांधायला कोणालाही आठ दिवसांत शिकवता येतं. मोठ्या माणसाला ‘हे काढून ठेवा’ म्हणायला शिकवायचं तर एक वर्ष प्रोबेशन वाढवावं लागतं.

त्या रविवारी रात्री अक्काला पत्र लिहिलं. अक्का चौथीपर्यंत शिकलेली, म्हणून मोठ्या अक्षरात लिहायचो.

“सौ. वत्सलाअक्कास सप्रेम जय भीम.

मी मजेत आहे. तू विचारलं होतंस की परमनंट झालो का. झालो नाही. एक वर्ष वाढवलं. कोणावर रागावू नकोस, चूक माझी होती. साहेबांना धोका आहे हे माहीत असून मी नोकरीच्या भीतीनं गप्प बसलो आणि साहेब दोराला अडकले. मग मीच सोडवले. त्यांना काही झालं नाही. आज ते पुन्हा माझ्याच दोरानं उतरले आणि मी सांगितलं ते त्यांनी सगळं ऐकलं.

तू नेहमी सांगतेस, मोठ्या माणसांपुढे नीट वाग. आजपर्यंत मला वाटायचं नीट म्हणजे गप्प. आता तसं वाटत नाही. तुझं चुकलं असं मी म्हणत नाही, मी अर्धंच ऐकलं होतं.

गल्लीत मी परमनंट झालो असं सध्या सांगू नकोस. सांगून टाकलं असशील तर राहू दे, वर्षभरात खरं करतो. पेढे वाटले असशील तर परत मागू नकोस.

तुझा,
मिलिंद”