बाबांचा डबा

संपानंतर बाबांची गिरणी पुन्हा उघडलीच नाही. आई मुलुंडमध्येच औषधांच्या एका कारखान्यात पॅकिंगला लागली. ती सकाळी लवकर निघायची, म्हणून तिचा आणि माझा शाळेचा, असे दोन्ही डबे बाबा भरायला लागले.

शाळेचा नियम होता की डब्यात पोळी-भाजी हवी, सोबत काकडी नाहीतर गाजर. फरसाण, बिस्किटं चालायची नाहीत. बाबांना हा नियम मनापासून पटला. पोळ्या ते जाडच करायचे आणि भाजी अगदी कोरडी ठेवायचे. इतकी वर्षं गिरणीत डबा नेलेल्या माणसाला रस्सा कुठून गळतो, हे शिकवायची गरज नव्हती. मी कुरकुरले की म्हणायचे, "गप खा. डब्यात नाटकं नकोत." संध्याकाळी डबा उघडून बघायचे. रिकामा असला तर काही बोलायचे नाहीत, आणि तेवढंच कौतुक.

एका शनिवारी शाळा लवकर सुटली. घरी आले तर बाबा स्वयंपाकघरात खाली बसून जेवत होते. समोर त्यांचा गिरणीतला कडीचा डबा उघडलेला होता. झाकणात फोडलेला कांदा होता. ताटं मागे मांडणीवर तशीच होती.

"ताट का नाही घेतलं?" मी विचारलं.

"सकाळीच भरून ठेवतो," ते म्हणाले. "तुमच्याबरोबर."

मग त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं आणि जेवणाची सुट्टी संपत आल्यासारखे भराभर जेवायला लागले.