मांजर्लीच्या गच्चीवरचा कंदील

दादा गेल्याचं वहिनीने फोनवर सांगितलं, तेव्हा मी बंगळुरूला ऑफिसात होते. मिळेल त्या विमानाने रात्री निघाले. मुंबई जवळ आली, विमान खाली येऊ लागलं आणि सवयीने मी खिडकीला कपाळ टेकवलं. खाली नुसते दिवेच दिवे... त्यात आपला म्हणावा असा एकही नव्हता.

दादा माझा थोरला भाऊ. आई-बाबांच्या मागे त्यानेच मला शिकवलं. लग्न मी केलं नाही, त्यामुळे माहेर काय नि घर काय, बदलापुरातलं, मांजर्लीचं त्याचं बिऱ्हाडच. मी विमानाने ये-जा करू लागले तसा त्याने एक खुळा उद्योग आरंभला. दिवाळी सरली तरी गच्चीवरचा आकाशकंदील उतरवायचा नाही! बांबूच्या काड्या तासून स्वतः बांधलेला, लाल कागदाचा. पावसात कागदाचा लगदा झाला की उल्हासनगरला, एक नंबर कॅम्पातल्या बाजारात जाऊन नवा कागद आणायचा. बिल्डिंगमधले हसायचे. मी येणार त्या रात्री दादा कंदील लावून शेजारी खुर्ची टाकून बसायचा, आणि मी उतरले रे उतरले की फोन...

"दिसला का गं, बाय?"

"दिसला ना, लालभडक!" मी ठोकून द्यायचे.

मग एकदा हट्टाने त्याला माझ्याकडे नेलं. परतताना खिडकीची जागा त्याला दिली. वहिनीला कंदील लावायला बजावून आला होता. काचेला नाक लावून त्याने शोध शोध शोधलं. अंबरनाथ कुठलं नि बदलापूर कुठलं, काही कळेना. शेवटी नुसतं म्हणाला, "बरंच उंचावरून जातं गं हे." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वाटलं, संपला आता कंदील.

पुढच्या खेपेला मी उतरले, फोन चालू केला आणि तो वाजलाच.

"दिसला का गं, बाय?"

"दिसला, दादा."

शेवटपर्यंत आम्ही हेच बोलत राहिलो. आता विमान थांबलं की सगळे घाईने उठतात, मी फोन हातात धरून बसून राहते. फार एकटं वाटतं, ते लपवू कशाला?

परवा वहिनीने विचारलं, "कंदील काढून ठेवू का गं? कागद पार फाटलाय." मी कॅम्पातून कागद आणला, वेडावाकडा चिकटवला आणि अंधार पडल्यावर गच्चीवर त्याच्याच खुर्चीत जाऊन बसले. डोक्यावरून एक विमान लुकलुकत गेलं. त्यात आपलं कुणी नव्हतं. ते दिसेनासं झालं तरी मी वर बघत राहिले, आणि मग विचारलंच...

"दिसला का रे, दादा?"