दामूच्या जागेवरची चढाई

जवळ सरका जरा. माझा आवाज तुम्हाला ठाऊक आहे, पंगतीच्या या टोकाला बोललो तर त्या टोकाचा वाढपी वळून बघतो. आणि हे मला हळू सांगायचं आहे, म्हणून तर लिहितोय.

कबड्डीच्या त्या अंतिम सामन्याची गोष्ट मी आजवर कुठे सांगितली नाही? लग्नात सांगितली, बारशात सांगितली, एकदा तर स्मशानातून परतताना टेम्पोत सांगितली — अभिनयासकट. व्याह्यांच्या घरी त्या अभिनयात समई पाडली. पण मी नेहमी सामन्यापासून सुरू करतो. आदल्या संध्याकाळपासून नाही. कुणाच्या कधी लक्षातच आलं नाही. बायकोच्याही नाही — आणि ती माझ्या तोंडातल्या बडीशेपेवरून मी कुठल्या हॉटेलात बसलो होतो ते सांगते.

आणीबाणी यायची होती तेव्हा. मी भिवंडीत शाळेत, वडील कचेरीत कारकून. माझ्या बाकावर जवळच्या काल्हेर गावचा दामू. आम्हा दोघांना कबड्डीचं वेड, पण कबड्ड्या दोन होत्या. एक मंडळाची. पहाटे मैदान, दंड-बैठका, शिट्टी, आणि मास्तर. हसलं की मैदानाला एक फेरी. मी किती फेऱ्या मारल्या असतील, तुम्हीच ठरवा! दुसरी काल्हेरची. भात कापून झालं की मोकळ्या शेतात ढेकळं फोडायची, पाणी मारायचं, फक्कीने रेघा ओढायच्या. तिथे कुणीही खेळायचं. दामूचे पांडूकाका लुंगी खोचून उतरायचे आणि बाद झाले तरी बाहेर जायचे नाहीत. हरलेल्यांनी विहिरीचं पाणी शेंदून जिंकलेल्यांच्या डोक्यावर ओतायचं. गुण कोण मोजतंय?

मजा कुठे होती म्हणता? काल्हेरला. शंकाच नको. पण वडिलांनी एके दिवशी चष्मा पुसत निकाल दिला. "खेळायचं तर मंडळाच्या संघातून खेळ, चार लोकांत नाव होऊ दे. शेतात लोळायचं असेल तर आजपासून बंद. संध्याकाळी टायपिंगच्या क्लासला जायचं."

संघ, नाहीतर टायपिंग. मी संघ निवडला. संघाने मात्र मला निवडलं नव्हतं — मी राखीव होतो. चढाईचा गडी म्हणून मास्तरांनी दामूला घेतलं होतं. बरोबरच होतं. तो माझ्यापेक्षा चांगला होता. हे वाक्यसुद्धा मी आज पहिल्यांदा बोलतोय, बघा.

दामूची अडचण एकच — वजन. मुलांच्या स्पर्धा तेव्हा वजनी गटाच्या असायच्या. सामन्याच्या दिवशी सकाळी काट्यावर उभं राहायचं, काटा जरा पुढे गेला की गडी बाहेर. आणि दामू त्या वर्षी भोपळ्याच्या वेलासारखा वाढत होता. त्याने रात्रीचा भात सोडला. अंगाला घोंगडी गुंडाळून काल्हेरहून शाळेपर्यंत धावत यायचा, घामाने निथळत. मी त्याच रस्त्याने एसटीने जायचो आणि खिडकीतून हात करायचो. मला वजनाची काय भीती? मी ओला असतानाही गटात बसलो असतो.

सामन्याच्या आदल्या संध्याकाळी दामूच्या चुलत भावाची हळद होती. तुम्ही आगऱ्याची हळद पाहिली आहे का? मटणाचा डेग, तांदळाच्या भाकऱ्यांची चळत, ढोलकी, पिवळीधमक माणसं. आणि त्या सगळ्यात दामू मांडवाच्या खांबाला टेकून, पाण्याचा पेला हातात घेऊन बसलेला. ताटाकडे बघतही नव्हता.

मी पांडूकाकांजवळ गेलो.

अजून थोडं थांबू का? नको. सांगून टाकतो. मी एकच वाक्य बोललो — अगदी भोळ्या तोंडाने. "काका, दामूला आता गावचं जेवण आवडत नाही वाटतं."

बस्स. वाळलेल्या पेंढ्यात काडी टाकली.

"काय रं?" काका मांडव हलेल असे ओरडले. "मास्तरचा झालास काय तू? भावाचे हळदीत उपाशी बसतस? काकीचे हातची भाकरी नको काय तुला?" काकी आली. मग आत्या आली. मग नवरदेव स्वतः हळदीच्या हातांनी घास घेऊन आला. हळदीत नवरदेवाचा घास परत करतात का कधी? दामूने गर्दीतून माझ्याकडे पाहिलं. "नंदू, तू तरी सांग ना यांना. उद्या वजन हाय माझं."

आणि मी म्हणालो, "खा रे, एका भाकरीने काय होतंय!"

एका भाकरीने काहीच होत नाही. पण हळदीत एक भाकरी कुणी वाढतं का? काकांच्या नावाची एक, काकीच्या नावाची एक, आत्या रुसली म्हणून एक. आणि महिनाभर उपाशी असलेला तो पोरगा — एकदा सुरू झाल्यावर — काय जेवला हो! मी शेजारी बसून रस्सा वाढत होतो.

सकाळी वजन सुताच्या गोदामात, गठड्या तोलायच्या काट्यावर. दामू लंगोटावर उभा राहिला. तोलणाऱ्याने मान हलवली. "ज़्यादा है भाई." मास्तरांनी काट्याकडे पाहिलं, दामूकडे पाहिलं, आणि तासाभराची मुदत मागून घेतली. दामू गोदामाभोवती धावला. थुंकला. पुन्हा धावला. पुन्हा काटा — अजून थोडं जास्त. मग तो समोरच्या न्हाव्याकडे पळाला आणि डोक्याचा चकोट करून आला. केसांचं वजन किती असतं? पण त्याच्याजवळ टाकायला दुसरं उरलं काय होतं?

दुसऱ्या गावचा एक पोरगा त्याला बघून म्हणाला, "बापूस गेला काय रं तुझा?" दामूचे वडील मागेच उभे होते. ते म्हणाले, "न्हाय रं बाबा, हाय अजून." सगळे हसले. दामूही हसला. मग काटा पाहिला आणि रडायला लागला. त्याच्या खांद्यावर हात टाकून त्याची समजूत कोणी घातली असेल? मीच.

मास्तर माझ्याकडे न बघता म्हणाले, "नंदू, बनियन घाल."

आता सामना — स्पर्धा एका दिवसाचीच, संध्याकाळी अंतिम. यातला एक शब्दही खोटा नाही, समईची शपथ! शेवटची चढाई, आम्ही एका गुणाने मागे, आमच्या बाजूला मी एकटा. दम धरला आणि शिरलो. कोपऱ्यातल्या गड्याला पायाचा अंगठा लावला, एक गडी. वळतोय तोच मधल्याने पाय धरला. मी आडवा झालो, तोंडात माती, छातीत दम संपत आलेला, आणि मध्यरेषा हातभर लांब. सरपटलो. सापासारखा सरपटलो! बोटं रेषेपलीकडे टेकली आणि शिट्टी झाली — दोन गडी बाद, सामना आमचा! मग जो गजर उठला — तो गजर मला अजून ऐकू येतो, कानात तेल घालतानासुद्धा. माझे वडील, कचेरीतले ते वडील, खुर्चीवर उभे राहून टोपी फिरवत होते. टायपिंगचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही. मास्तर हसले — आणि फेरी कुणालाच मारावी लागली नाही.

मला खांद्यावर पहिल्यांदा उचललं ते दामूने.

तुम्ही म्हणाल, त्याला शेतातलीच कबड्डी आवडत असेल, बरं झालं. मीही स्वतःला कितीदा तेच सांगितलं. पण शेतात मजा करायला कुणी महिनाभर भात सोडतं का? घोंगडीत धावतं का? पुढच्या वर्षी त्याचं वजन वाढून कुठल्या कुठे गेलं, आणि मोठ्या गटात मास्तरांकडे बापे गडी होते. ते बनियन त्याने एकदाही घातलं नाही. मी चार वर्षं घातलं.

तो आजही चारचौघांत सांगतो, "माझेच जिभेनं घात केला, न्हाय तं ती चढाई माझी होती!" लोक हसतात. मीही हसतो, आणि मग उभा राहून चढाई करून दाखवतो.

हे छापून आलं की काल्हेरात कुणीतरी ते त्याच्या हातात देईल. तो वाचेल. त्याला जे वाटायचं ते वाटेल. चुकून नाही, गंमत म्हणून नाही — मला त्याची जागा हवी होती म्हणून मी ते केलं.

चढाई मात्र झकास होती.