बशीतली धडधड

आमची चक्की बोरी अरबच्या बाजाराच्या रस्त्याला आहे. अर्ध्या गावाचं पीठ माझ्या हातून जातं आणि सगळ्या गावाच्या गप्पा. त्यामुळे एक शहरातली पोरगी पाठीवर बॅग अडकवून बसमधून उतरली आणि माझं घर विचारत निघाली, ही खबर ती यायच्या आधी माझ्याकडे पोचली होती. दळणाला आलेल्या दोघींनी तर तिला बचतगटाची वसुलीवाली ठरवून टाकलं होतं.

ती दारात येऊन उभी राहिली. "काकू, ओळखलंत? दवाखान्यात भेटलो होतो. मी त्याच्या पेशींवर काम करते."

त्याच्या म्हणजे माझ्या मुलाच्या. तो जाऊन तीन वर्षं झाली होती. गेलेल्या माणसाबद्दल कोणी "करते" म्हणतं का? मी चक्की बंद केली, त्या दोघींना वाटेला लावलं आणि म्हटलं, "बस बाई. आधी पाणी पी. मंग सांग काय ते."

आमच्या पोराला स्नायूंचा आजार होता. पाच वर्षांचा असताना जमिनीवरून उठताना मांडीवर हात टेकायचा. आम्ही हसायचो, पहा, बुढ्यासारखा उठते! मग एक दिवस हसणं बंद झालं. दहा-अकराचा झाला तसं चालणं सुटलं, पुढे हातांतली ताकद गेली आणि शेवटी हृदय. हृदय म्हणजे तरी काय, स्नायूच तो. हा आजार आईकडून येऊ शकतो आणि होतो मुलग्यांनाच, असं डॉक्टरांनी सांगितलं त्या दिवसापासून सासरच्या बायांना माझ्याकडे बघायला नवं कारण मिळालं. एक तर चक्कीवर उभी राहून म्हणाली, "पोटातच खोट होती." मी तिचं दळण अर्ध्यात थांबवलं आणि डबा तिच्या डोक्यावर देऊन टाकला, अर्धं पीठ, अर्धे गहू. तेव्हापासून ती दुसरीकडे दळून आणते. आणू दे, माझं काय जाते!

पोरगा स्वतः मोबाइलवर सगळं वाचून बसलेला असायचा. "माय, कंपनीतूनच डिफेक्टिव्ह पीस निघाला, तू तरी काय करशीन," म्हणायचा. माझं तोंड पडलं की लगेच, "पण सर्व्हिस एक नंबर हाये हां!" असा होता मेला. हसवायचा आणि मग मी मोरीत जाऊन रडायची.

अठरा पूर्ण झाल्यावर शहरातल्या मोठ्या दवाखान्यात तपासणीला नेलं होतं. तिथे ही संशोधन करणारी पोरगी भेटली. ती याला समजावून सांगायला बसली, तर यानंच तिला प्रश्न विचारून भंडावून सोडलं. शेवटी म्हणाला, "घ्या रक्त. माह्या अंगात तर काही कामाचं नाही, तुमच्याकडं तरी कामी पडन." त्याला एक धपाटा घालावासा वाटला होता. पण धपाटा घालावा असं त्याच्या अंगावर काही उरलंच नव्हतं.

तर त्या रक्ताचं काय केलं ते ती मला सांगत होती. रक्तातल्या पेशी घेतल्या आणि त्यांना मागे नेलं, पार मागे, जिथे पेशीचं अजून ठरलेलं नसतं की आपण कातडी व्हायचं की हाड. तिथून पुन्हा पुढे आणलं, या वेळी हृदयाच्या वाटेनं. मी म्हटलं, "बाई, मले बारावीचंही सायन्स नव्हतं. सरळ सांग." तिनं मोबाइल माझ्यापुढे धरला.

गुलाबी पाणी होतं आणि त्यात दुधावरच्या सायीसारखं काहीतरी पांढुरकं. ती साय हलत होती. आकसायची, सुटायची, पुन्हा आकसायची. कोणी हलवत नव्हतं.

"त्याच्या हृदयाच्या पेशी आहेत, काकू. काचेच्या बशीत. आपोआप धडधडतात."

माय व! मी भिंतीला टेकले आणि बघतच राहिले. तोंडातून शब्द फुटला तो काय, तर "खाते काय हे?"

ती म्हणाली, "साखर, क्षार, थोडी प्रथिनं. दर दोन दिवसांनी पाणी बदलून नवं घालावं लागतं."

"साखर? अव, त्याले गोड चालतच नव्हतं! मिरचीचा ठेचा पाह्यजे होता त्याले." आम्ही दोघी हसलो आणि हसता हसता दोघींचे डोळे भरून आले.

मग तिनं येण्याचं कारण सांगितलं. दुसऱ्या एका प्रयोगशाळेला एका औषधासाठी या पेशी हव्या होत्या. रक्त देताना त्यानं होकार दिला होता, पण आता तो नाही, म्हणून आईवडिलांना विचारायचं. "तुम्ही दोघांनी हो म्हटलं तरच देऊ. नको असेल तर आमच्याकडच्याही बंद करू. हक्क तुमचा आहे." माझ्या ओठावर "हो" आलंच होतं. पण दोघांनी म्हणायचं होतं.

चक्कीच्या पलीकडच्या खोलीत यांचं शिलाई मशीन असतं. हे शाळेचे गणवेश शिवतात. मशीनचा आवाज केव्हाचा थांबला होता, म्हणजे सगळं ऐकलं होतं. हे दारात आले. मोबाइलकडे पाहिलंसुद्धा नाही.

"बंद करा ते," म्हणाले.

"काहून?" मी विचारलं.

"काहून म्हणजे? म्हणूनच कावळा शिवला नव्हता."

झालं! तीन वर्षांत या घरात हे वाक्य आलं नाही असा महिना गेला नसेल. दहाव्याला नदीवर पिंड ठेवला आणि कावळा येईना. समोरच्या झाडावर बसलेले होते, पण खाली उतरेनात. लोक एकेक सुचवत होते, पोराच्या मनात काय राहिलं असेल ते. तुझ्या मायला सांभाळू, तुझा मोबाइल कोणाला देणार नाही, सगळं बोलून झालं. हे पिंडाजवळ वाकून हळूच काहीतरी बोलले, ते मला ऐकू आलं नाही. ऊन चढलं तरी कावळा हलला नाही. शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला. तेव्हापासून हे नदीकडे फिरकले नाहीत.

"अर्धा इकडं अन् अर्धा तिकडं," हे त्या पोरीला म्हणाले. "अडकून पडलं माह्यं लेकरू. सोडा त्याले."

मी भडकले. मी भडकले की पलीकडच्या गल्लीला कळतं. "कावळ्याले काय समजते हो? हे धडधडून राह्यलं माह्या डोळ्यांपुढं, अन् तुमी म्हणता बंद करा? एकडाव बंद पडलं ते पुरलं नाही का?"

"तू गप राह्य."

"मी कायले गप राहू? नऊ महिने पोटात वाढवलं म्या त्याले!"

पोरगी उठली. बॅग आवरत म्हणाली, "काकू, राहू द्या. तुम्हाला त्रास द्यायला नव्हते आले मी."

"बस खाली," मी म्हटलं. "भांडण आमचं हाये, भाकर तुही हाये. जेवल्याबिगर या घरातून कोणी जात नाही."

मी वांग्याची भाजी टाकली, भाकरी थापायला घेतल्या. हे परत मशीनवर जाऊन बसले, जेवायला येईनात. तर ती पोरगी आपलं ताट उचलून त्यांच्या खोलीत गेली आणि मशीनशेजारी खाली बसली. मला वाटलं, आता हिला काहीतरी वाकडं ऐकावं लागणार. पण थोड्या वेळानं यांचाच आवाज आला. "तो तर गेला. मंग कायले ठेवता ते?"

ती सांगायला लागली. स्नायूच्या पेशीला आतून बांधून ठेवणारं एक लांबलचक प्रथिन असतं. ते कसं बनवायचं, त्याचा नमुना पेशीत तुकड्या-तुकड्यांनी लिहिलेला असतो. आमच्या पोराच्या नमुन्यात मधला एक तुकडा नव्हता. तिनं कापून खाली पडलेल्या कतरणीतले चौकडीच्या कापडाचे दोन तुकडे उचलून एकमेकांना लावले. "हे बघा काका. मधली पट्टी गेली आणि उरलेलं तसंच जोडलं, तर चौकडी जुळत नाही. पुढचं सगळंच चुकतं. पेशी मग ते टाकूनच देते. आता औषधानं काय करतात, तर जोडाजवळची अजून एक पट्टी मुद्दाम गाळायला लावतात. मग चौकडी जुळते."

"शर्ट आखूड होईन," हे म्हणाले.

"होतो. पण घालता येतो."

यांनी ते तुकडे तिच्या हातून घेतले आणि स्वतः जुळवून पाहिले. ती म्हणाली, "हातापायांच्या स्नायूंत अशी आधीची औषधं थोडीफार पोचतात. हृदयात नीट पोचत नाहीत, तिथेच गाडी अडली आहे. म्हणून हृदयासाठीचं नवं औषध तपासायला या पेशी लागतात." आणि तिनं मोबाइल पुढे केला. या वेळी यांनी पाहिला. मीही भाकरीचं पीठ लागलेल्या हातांनी दारात येऊन उभी राहिले. दोन बशा होत्या. औषध न दिलेल्या बशीतली साय अडखळत होती, मध्येच थांबायची. दुसरी एकसारखी चालली होती.

"हे औषध तवा होतं का?" यांनी विचारलं.

"नाही काका. अजूनही बशीतच आहे. माणसांपर्यंत यायला वर्षं लागतील. येईलच असंही नाही." ती खोटं बोलली नाही, याचं मला तेव्हाही बरं वाटलं.

यांनी अडखळणाऱ्या बशीवर बोट ठेवलं. "अन् हे? हे बंद पडते?"

"काही आठवड्यांनी पडतं. मग गोठवून ठेवलेल्या पेशींपासून आम्ही पुन्हा नवीन करतो."

"मंजे सारखं सारखं बंद पडते."

यांनी मोबाइल तिच्या हातातून घेतला. मग म्हणाले, "बंद पडते तवा कोणी असते का तिथं?"

हो म्हण माय, मी मनात म्हणत होते. हो म्हण, काय बिघडते तुझं!

"दर वेळी नाही, काका," ती म्हणाली. "बरेचदा सकाळी येऊन बघते, तर थांबलेलं असतं."

"मी बी नव्हतो," हे म्हणाले.

यवतमाळच्या दवाखान्यात त्या दुपारी एक इंजेक्शन बाहेरून आणायला सांगितलं होतं. हे खाली मेडिकलवर गेले. तिथे गर्दी होती. परत आले तेव्हा इंजेक्शन हातात होतं आणि पोरगा गेलेला होता. मी जवळ होते, हे नव्हते. तीन वर्षं हा माणूस कावळ्याबद्दल बोलला, नदीबद्दल बोलला, पण याबद्दल अक्षर नाही. मला वाटायचं, याला पोरापेक्षा कावळ्याचंच जास्त पडलं आहे. काय काय बोलले मी यांना त्यावरून! आणि हे मुकाट ऐकून घेत राहिले.

"ठेवा तुमी," यांनी मोबाइल तिच्या हातात दिला. "ज्यायनं मागतलं त्यायलेही द्या. कोणाचं तरी पोट्टं उभं राहीन. फक्त सकाळी गेल्या गेल्या पह्यले त्याच्याकडं पाहत जाजा. हात धुणं, चहा, सारं मंग."

ती मान हलवत राहिली. ताटातली भाकरी तिच्यानं संपली नाही, आणि मीही आग्रह केला नाही. तिच्या बॅगेत ठेच्याची बाटली घातली. बस आली तेव्हा ती माझ्या पाया पडायला वाकली, तर मी तिला उचलून छातीशी धरलं.

घरी आले तर दाराशी दळणाचे डबे येऊन पडले होते. हे मशीनवर नव्हते. चक्कीजवळ पोत्यावर बसले होते, जिथे कधी बसत नाहीत. मी बटण दाबायला हात वर केला.

"थांब जरा," हे म्हणाले. "तू होती ना त्याच्याजवळ. कसं झालं ते? सांग मले."

तीन वर्षांत त्यांनी विचारलं नव्हतं, आणि विचारल्याशिवाय मी सांगणार तरी कशी होते? बाहेर एक बाई डबा घेऊन उभी होती. तिला म्हटलं, आज चक्की बंद आहे, उद्या ये. मग दार ओढून घेतलं, यांच्याजवळ खाली बसले आणि त्या दुपारचं पहिल्यापासून सांगायला लागले.